सी बूश्तांचं ‘मिळालं’

१

सी बूश्ता वारले त्याला सदतीस दिवस झाले होते, आणि तरीही रोज संध्याकाळी सहा वाजून काही मिनिटांनी ते ‘मिळालं’ असं कळवत होते.

गिझलानच्या हे लक्षात आलं सोमवारी सकाळी. मेकनेस शहराच्या वेशीवर, धरणांतल्या पाण्याचा अंदाज वर्तवणारं केंद्र आहे. तिथे एका गार खोलीत बत्तीस सर्व्हर ओळीने उभे असत आणि पाऊस पडणार नाही हे अतिशय अचूक सांगत. कोण तापलं, कोण थकलं, कोण मेलं, यावर नजर ठेवणारी यंत्रणा गिझलानने बसवली होती. नोकरीतलं तिचं हे पहिलंच काम. यंत्रणेला सगळे ‘राखणदार’ म्हणत. रोज सहाच्या ठोक्याला राखणदार यादीतल्या माणसांच्या फोनवर निरोप धाडी, ‘सगळे बत्तीस ठीक.’ निरोप आला की हिरवं बटण दाबायचं, म्हणजे ‘मिळालं’ अशी नोंद होते. सलग तीन दिवस दाबलं नाही की नाव यादीतून आपोआप गळतं.

हा निरोप म्हणजे सी बूश्तांचा हट्ट. केंद्रातले सगळ्यात जुने तंत्रज्ञ, म्हणून सगळेच त्यांना आदराने ‘सी’ म्हणत. मशीनला माणसासारखं ‘बस, बस’ म्हणणारे. “पोरी,” ते म्हणाले होते, “नुसती वाईट बातमी आणणारा माणूस दारात उभा करावासा वाटत नाही. सगळं ठीक असेल तेव्हाही येऊन सांगू दे की त्याला.”

त्यांचं नाव काढायचं काम गिझलान सदतीस दिवस पुढे ढकलत होती. यंत्र आपणहून काढेल, आपल्या हाताला पाप नको, असा तिचा हिशेब. आज तिने यादी उघडली. पहिलंच नाव: बूश्ता. काल, सहा वाजून चार मिनिटं, मिळालं. परवा, सहा वाजून दोन मिनिटं, मिळालं.

जिवंत माणसांपैकी केंद्राचे संचालक डॉक्टर झुबेर यादीतून दोनदा गळले होते. मेलेला माणूस एकदाही चुकला नव्हता.

तेवढ्यात शिपाई सांगत आला, “डॉक्टरांनी बोलावलंय. अहवालावर सही करायचीय म्हणे.”

२

अहवाल सहा मशीनच्या मृत्यूचा होता.

रमजानच्या बाराव्या दिवशी गार खोलीतलं हवेचं यंत्र बंद पडलं, खोलीची भट्टी झाली आणि बत्तीसातली सहा मशीन जळाली. त्यांच्याबरोबर नऊ वर्षांची पाण्याची गणितंही गेली. चौकशी समितीने एका दिवसात छडा लावला. अहवाल टाइप व्हायला मात्र दोन महिने लागले.

छडा सोपा होता. राखणदाराची नोंद सांगत होती, हवेचं यंत्र चार वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी कळ दाबून बंद केलं. दारावरच्या वहीत होतं, त्या वेळी खोलीत फक्त सी बूश्ता होते. पावणेचारला आत, साडेचारला बाहेर. बाहेर आले तेव्हा घामाने निथळत होते आणि हातात मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा होता. समितीने घामाला पुरावा मानलं. पुठ्ठ्याचं काय करावं ते न सुचल्याने त्याला ‘इतर’ या सदरात टाकलं.

सी बूश्तांना एकच प्रश्न विचारला गेला, “राखणदाराची नोंद चूक असू शकते का?”

सी बूश्तांनी एकच वाक्य उच्चारलं, “पोरीचं यंत्र चोख आहे.”

दुसऱ्या दिवसापासून ते घरी. ईद झाल्यावर आठव्या दिवशी बाजारातून पुदिन्याची जुडी घेऊन येताना उंबऱ्यातच बसले, ते उठले नाहीत.

त्या वाक्याचा गिझलानला तेव्हा फार अभिमान वाटला होता. समितीसमोर, सगळ्यांदेखत ‘चोख’ म्हणाले! तिने घरी आईला फोन करून सांगितलं होतं. हे आठवलं की आता तिला आपल्याच थोबाडीत द्यावीशी वाटे.

“इथे सही,” डॉक्टर म्हणाले. “‘यंत्रणेची नोंद विश्वासार्ह आहे,’ एवढंच. गुरुवारी मंत्रालयात जायचाय. तुझं कायम नेमणुकीचं पत्रही माझ्या खणात आहे, ते त्याच हाताने उरकू.”

गुरुवारी सी बूश्तांचा चाळिसावा होता. दफनाच्या दिवशी त्यांच्या बायकोने, लल्ला तूरियांनी, म्हणजे तूरियाबाईंनी, गिझलानचा हात धरून विचारलं होतं, “पोरी, तू यंत्राची माणूस. त्याने खरंच बंद केलं का गं ते? मला काही सांगितलं नाही त्याने. चाळिसाव्याला येशील तेव्हा सांग.”

तिने पेन उचललं. सवयीने शेवटचं पान वाचलं. हवेचं यंत्र पुन्हा सुरू झाल्याची वेळ: चार वाजून सेहेचाळीस.

“डॉक्टर, हे कुणी सुरू केलं?”

“काय?”

“सी बूश्ता साडेचारला बाहेर पडले. पावणेपाचला खोलीत कुणीच नव्हतं. मग कळ कुणी दाबली?”

डॉक्टरांनी पान उलटलं. तळटीप होती: ‘यंत्र आपोआप सुरू झाले असावे.’

“आपोआप सुरू होत नाही ते,” गिझलान म्हणाली. “त्याला धक्का दिल्याशिवाय तर मुळीच नाही.”

तिने पेन खाली ठेवलं.

३

दारावरचा हम्मू वही कुणाला देत नसे. राखणदार बसवल्यापासून तर त्याचा गिझलानवर रागच होता.

“मी जिवंत असताना दुसरा राखणदार कशाला आणलास?” तो म्हणाला. “केंद्रातलं मांजर कधी आत-बाहेर गेलं, ते तुझा तो लिहितो का? मी लिहितो.”

खरंच लिहीत होता. समितीने त्या मांजरावर अकरा मिनिटं चर्चा केली होती आणि पंजा कळीपर्यंत पोचत नाही म्हणून त्याला निर्दोष सोडलं होतं.

“दाखवा ना, सी हम्मू. बारावा रोजा.”

“उभ्यानेच बघ. हात लावायचा नाही.”

गिझलानने उभ्यानेच उतरवून घेतलं.

*तीन वाजता बूश्ता बाहेर, पाव आणायला. तीन वाजून चार, डॉक्टर आत. तीन-सहा, मांजर आत. तीन-चौदा, डॉक्टर बाहेर, फोनवर बोलत, घाईत. तीन-पंधरा, मांजर बाहेर, शिंकत. पावणेचार, बूश्ता आत. साडेचार, बूश्ता बाहेर, घाम, पुठ्ठा.*

“तुमचं घड्याळ बरोबर होतं?”

हम्मूने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्याच्या आईबद्दल काही विचारलं. “रमजान लागतो त्या दिवशी सगळा देश घड्याळ तासभर मागे घेतो, ईद झाली की पुढे. मी दोन्ही दिवशी वहीत लिहून, खाली सही करून मगच काटे फिरवतो. बाराव्या रोज्याला सहा-बत्तीसला रोजा सोडायचा भोंगा झाला आणि सहा-बत्तीसला माझ्या तोंडात खजूर होता. समितीत विचारलं असतं तर बियासुद्धा दाखवल्या असत्या.”

“सी बूश्ता बाहेर आले तेव्हा काही बोलले?”

हम्मूचा आवाज खाली आला. “म्हणाले, ‘हम्मू, सव्वीस वाचली.’ मला वाटलं, घरच्या कोंबड्यांचं सांगतायत.”

गिझलानने उतरवून घेतलेल्या वेळा पुन्हा वाचल्या. त्या वेळी, राखणदाराच्या म्हणण्यानुसार, हवेचं यंत्र अजून बंद होतं. मग ज्याने ते बंद केलं होतं तो माणूस ‘वाचली’ असं कसं म्हणेल?

४

लल्ला यम्ना वीस वर्षं केंद्र झाडत होती आणि तेवढीच वर्षं तिथे काय चालतं त्याकडे काणाडोळा करत होती.

“मी काही पाहिलं नाही,” गिझलानने तोंड उघडायच्या आत ती म्हणाली.

“मी काही विचारलंच नाही.”

“मग चहा घे.” तिने पुदिना घातलेला ग्लास पुढे सरकवला. जरा वेळाने स्वतःच म्हणाली, “त्या दिवशी पाचला खोली पुसली. हवेच्या यंत्रामागे सार्डिन मासळीचा रिकामा डबा होता.”

“रमजानात? दिवसाढवळ्या सार्डिन?”

“सार्डिन नव्हती त्यात.”

“मग काय होतं?”

“पोरी, रमजानात मी फरशी बघते. माणसांकडे अल्ला बघतो.”

“सी बूश्तांना माहीत होतं?”

लल्ला यम्नाने फडकं पिळलं. त्यातून काही निघालं नाही, तरी पुन्हा पिळलं. “त्यांनीच दाखवला. म्हणाले, ‘यम्ना, हे कचऱ्यात टाक आणि विसर. कुणाचा रोजा मोडला ते त्याचं आणि त्याच्या देवाचं. आपण कशाला साक्षीदार व्हायचं?’ मी टाकला. विसरले मात्र नाही. एवढा वास मारत होता.”

“कसला वास?”

“तंबाखूचा. आणि वरून अत्तराचा.”

केंद्रात अत्तर लावणारा एकच माणूस होता, आणि तोही वर्षातून एकच महिना लावत असे. पण तो खोलीतून बाहेर पडला सव्वातीनच्या आत. यंत्र बंद झालं चार-दहाला. एक तास आधी बाहेर पडलेला माणूस कळ दाबणार कशी?

गिझलान आपल्या टेबलाशी परत आली. तिला वाटलं, आता फक्त मांजराची जबानी राहिली.

५

तिने त्या दिवसाची सगळी नोंद पडद्यावर आणली. मशीनची उष्णता नव्हे, ती शंभरदा पाहून झाली होती. तिने माणसांचा आलेख काढला: कुठल्या क्षणी किती जण मशीनवर काम करत होते.

रमजानात या आलेखाला रोज एक खड्डा पडे. ही मशीन वापरणारे शहरभरातले विद्यार्थी घरून काम करत असत, आणि मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, बांग झाली की सगळे एकदम उठून रोजा सोडायला हरीरा सूपच्या वाडग्याकडे धावत. आलेख कड्यावरून ढकलल्यासारखा खाली. तिने आणि सी बूश्तांनी त्याला ‘हरीराचा खड्डा’ नाव दिलं होतं, आणि कोण कुठल्या अक्षरावर बोट सोडून पळालं असेल यावर पैजा लावून हसले होते. आकार बघून हसले होते. खालचे आकडे कोण बघतो!

आज तिने बघितले. खड्डा पडला होता सात वाजून बत्तीस मिनिटांनी.

हम्मूच्या तोंडात खजूर गेला सहा-बत्तीसला.

भिंतीवर मिठाईवाल्याने वाटलेलं रमजानचं वेळापत्रक अजून तसंच होतं. बारावा रोजा, मगरिब: सहा-बत्तीस.

आता दोनच शक्यता होत्या. एक तर त्या दिवशी सबंध मेकनेस शहर, विद्यार्थी, प्राध्यापक, आजाऱ्यांसकट, भोंगा ऐकूनही तासभर भुकेलं बसून मशीनवर टकटक करत राहिलं. किंवा…

तिने राखणदाराच्या मांडणीतली घड्याळाची ओळ उघडली. तिथे शहराचं नाव द्यायचं असतं. मग रमजानात मागे, ईदला पुढे, सगळं यंत्र स्वतः पाळतं. घाईत तिने शहराऐवजी आकडा ठोकून दिला होता: ग्रीनिचच्या एक तास पुढे. इतर अकरा महिने बरोबर. रमजानात, सगळा देश मागे गेला तेव्हा, राखणदार एकटाच पुढे उभा. आणि ईद होताच चूक आपोआप बरोबर झाली, कुणाला पत्ता न लागता.

चार-दहा म्हणजे तीन-दहा. खोलीत डॉक्टर आणि मांजर.

चार-सेहेचाळीस म्हणजे तीन-सेहेचाळीस. सी बूश्ता पावणेचारला आत शिरले, एका मिनिटात कळ दाबली आणि पुढचा पाऊण तास मिठाईच्या पुठ्ठ्याने बत्तीस मशीनना वारा घालत राहिले.

तिने वेळापत्रक भिंतीवरून काढलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. त्याच्याकडे बघवत नव्हतं एवढंच. खाली आणखी एक कागद टाचलेला होता.

सी बूश्तांचं अक्षर. ‘राखणदाराबद्दल अकरा तक्रारी.’ रमजानच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तो तिच्या हातात दिला होता. पहिली तक्रार, लाल रंग फार लाल आहे, छातीत धस्स होतं. दुसरी, मशीनना आकडे आहेत, नावं का नाहीत. तिसरी वाचून ती खो-खो हसली होती आणि “ईदनंतर सगळ्या बघते, सी बूश्ता!” म्हणत तिने कागद कौतुकाने भिंतीवर लावला होता. दुसऱ्या दिवशी मिठाईवाल्याचं वेळापत्रक आलं. खिळा एकच होता.

सातवी तक्रार: ‘सहाचा निरोप कालपासून पाचला येतो. घड्याळ बघ, पोरी.’ महिनाभर तो तिच्या फोनवरही पाचलाच आला होता; वेळ न बघताच तिने हिरवं दाबलं होतं.

म्हणजे त्यांना माहीत होतं. समितीने विचारलं तेव्हा, तिच्या कायम नेमणुकीचं पत्र त्याच आठवड्यात निघायचं होतं तेव्हा, सगळं माहीत असून ते म्हणाले होते, चोख आहे.

६

“दोन झुरके,” डॉक्टर झुबेर म्हणाले.

तिने वही, आलेख आणि अकरा तक्रारी त्यांच्या टेबलावर ठेवल्या होत्या. ते फक्त शेवटच्या कागदाकडे बघत होते.

“बत्तीस वर्षांची सवय आहे. हवा चालू ठेवली असती तर धूर केंद्रभर गेला असता. परत चालू करणारच होतो. मंत्रालयातून फोन आला. बोलत बोलत बाहेर पडलो आणि… गिझलान, संचालक रमजानात लपून सिगारेट ओढतो, हे कळलं असतं तर? नोकरीचं सोड, माझ्या आईला तोंड दाखवता आलं नसतं.”

“म्हणून त्यांच्यावर ढकललंत.”

“मी?” डॉक्टरांनी मान वर केली. डोळे लाल होते. “मी गप्प बसलो, मान्य. पण त्यांना अपराधी मी नाही ठरवलं. तुझ्या यंत्राने ठरवलं. मला स्वतःला वाटलं, चार-दहा म्हणतंय, म्हणजे मी केलीच असेल कळ चालू, आणि त्यांनीच पुन्हा बंद केली असेल. सुटल्यासारखं वाटलं मला. देवाशपथ, महिनाभर मी तुझ्या यंत्रावर विश्वास ठेवून झोपलो.”

गिझलानने अकरा तक्रारींचा कागद आपल्याकडे ओढला.

“सही कर,” ते हळूच म्हणाले. “पत्र काढतो. गेलेल्या माणसाला आता काय फरक पडणार?”

“चाळिसाव्याला मला एक प्रश्न विचारणार आहेत,” ती म्हणाली. “उत्तर द्यायचंय.”

तिने तिथेच उभ्याने लिहिलेला कागद दाखवला. मंत्रालयासाठी. ‘यंत्रणेचे घड्याळ रमजानभर एक तास पुढे होते. चूक माझी. सी बूश्तांनी ती लेखी दाखवली होती, मी वाचली नाही. सुधारलेल्या वेळेनुसार यंत्र बंद झाले तेव्हा खोलीत संचालक व एक मांजर होते. यंत्र सुरू केले सी बूश्तांनी.’

डॉक्टरांनी दोनदा वाचलं. “सिगारेटचं नाही लिहिलंस.”

“तो डबा सी बूश्तांनी टाकून दिलाय,” ती म्हणाली. “मी पुन्हा उकरणार नाही.”

७

गुरुवारी दुपारी कागद गेला. त्यानंतर तासाभरात गिझलानची चावी, बिल्ला आणि खुर्ची गेली. मांडणीत घाईत आकडा ठोकणारी माणसं केंद्राला नको होती, आणि यात केंद्राचं काही चुकलं असं तिला वाटेना. डॉक्टरांचं काय होणार ते मंत्रालयातली नवी समिती ठरवणार होती. दारावर हम्मूने वहीत लिहिलं, ‘चार-वीस, गिझलान बाहेर,’ मग पेन तसंच धरून बसला. “परत कधी आत, तेही लिहिलं असतं,” तो म्हणाला.

सी बूश्तांच्या घरी कुराणपठण आटोपलं होतं, कुसकुसची परात मधोमध आली होती. लल्ला तूरियांनी तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं.

“बोल, पोरी. बंद केलं त्याने?”

“नाही,” गिझलान म्हणाली. “त्यांनी चालू केलं. बंद दुसऱ्याने केलं होतं. मग पाऊण तास वारा घालत बसले. सव्वीस वाचवली.”

लल्ला तूरियांनी हातातला घास परातीत परत ठेवला. “रोज्यात,” त्या म्हणाल्या. “पाण्याचा थेंब न घेता. आणि मला म्हणाला, पाव आणताना चढ लागला.”

“दोष माझा होता, लल्ला. माझं घड्याळ चुकलं होतं.”

“ते माहीत आहे मला.”

गिझलानने वर पाहिलं.

“रमजानात हा पाचलाच वाजायचा.” त्यांनी उशीखालून सी बूश्तांचा जुना फोन काढला. चार्जरची वायर अजून लोंबत होती. “मी म्हणायची, सांग की तिला. तर म्हणाला, सांगितलंय लिहून. लहान आहे, वाचेल. आता चारचौघांत कशाला बोलायचं.”

लल्ला तूरियांनी तिच्या पुढ्यात भोपळ्याची फोड सरकवली, जणू तेवढंच करण्यासारखं राहिलं होतं.

सहा वाजले. फोन थरथरला. ‘सगळे सव्वीस ठीक.’ गिझलानच्या खिशातला फोन गप्प होता. तिचं नाव दुपारीच यादीतून काढलं होतं. सी बूश्तांचं काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

“काय म्हणतंय?” लल्ला तूरियांनी विचारलं. “मला वाचता येत नाही. हिरवं तेवढं कळतं. तो हिरवं दाबायचा, म्हणून मी दाबते.”

“म्हणतंय, सगळं ठीक आहे.”

“आणि नाही दाबलं तर?”

“तीन दिवसांनी त्यांचं नाव गळतं.”

“अस्सं होय.” त्यांनी पदराने काच पुसली, अंगठा हिरव्यावर ठेवला आणि नीट, जोर देऊन दाबला. “मग बरं झालं, मी चुकले नाही ते.”